चार गोठवलेली भ्रूणे आणि एक जुनी फाईल : कोल्हापुरातील थॅलेसेमियाचे एक प्रकरण

पती ३५ वर्षांचे, हुपरीच्या बाजूला चांदीच्या पैंजणांचा घरगुती कारखाना चालवणारे. पत्नी ३१ वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या, कारखान्याचे हिशेब सांभाळणाऱ्या. त्यांची तीन वर्षांची मुलगी थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन न बनणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या तीव्र प्रकाराची रुग्ण असून तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. हे दांपत्य जनुकीय समुपदेशनासाठी माझ्याकडे आले तेव्हा कोल्हापुरातील एका वंध्यत्व उपचार केंद्रात त्यांची चार भ्रूणे जवळपास चार वर्षे द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेली होती. ही भ्रूणे तयार झाली त्या वेळी घरात थॅलेसेमियाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे ती कोणत्याही तपासणीविना गोठवली गेली. आता दुसरे मूल हवे होते, आणि गोठवलेल्या भ्रूणांतील कोणती निरोगी आहेत हे गर्भाशयात सोडण्यापूर्वी कळू शकेल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ओळख पटेल असे तपशील या लेखात वगळले आहेत.

पत्नीच्या दोन्ही गर्भनलिका विशीत झालेल्या क्षयाने बंद झाल्या होत्या, म्हणून २७ व्या वर्षी आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन, करावे लागले. पतीच्या शुक्राणूंची संख्या आणि हालचाल उत्तम असल्यामुळे एकेक शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याची इक्सी पद्धत वापरण्याचे कारण नव्हते; बीजांडे आणि शुक्राणू एकाच तबकडीत ठेवून नेहमीच्या पद्धतीने फलन झाले. त्या वेळच्या दृष्टीने हा निर्णय अगदी रास्त होता, मात्र पुढे तोच आमच्या आड आला. पाचव्या दिवशी पाच भ्रूणे ब्लास्टोसिस्ट अवस्थेला पोचली. एक ताजे गर्भाशयात सोडले, उरलेली चार तीन स्ट्रॉमध्ये, म्हणजे बारीक नळ्यांमध्ये, गोठवली, म्हणजे एका स्ट्रॉमध्ये दोन होती. पहिल्याच प्रयत्नात गर्भ राहिला आणि मुलगी पूर्ण दिवसांची जन्मली.

बीटा थॅलेसेमियाचे मूल जन्मतः ठणठणीत दिसते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळी हा घटक नसतोच. ते हिमोग्लोबिन ओसरू लागले आणि बीटा साखळीची गरज पडली, की मूल पांढरे पडू लागते. या मुलीचे हिमोग्लोबिन सातव्या महिन्यात ५ च्या खाली गेले. सुदैवाने पहिले रक्त चढवण्यापूर्वी नमुना काढून ठेवण्याची दक्षता बालरोगतज्ज्ञांनी घेतली आणि एचपीएलसी तपासणीत, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत, निदान स्पष्ट झाले. नंतरच्या डीएनए तपासणीत अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकाच्या दोन्ही प्रतींत आयव्हीएस १-५ या नावाने ओळखला जाणारा बदल आढळला. भारतात बीटा थॅलेसेमियाला कारणीभूत ठरणाऱ्या बदलांत सर्वाधिक आढळणारा हाच आहे.

आयव्हीएफच्या आधीची फाईल मी मागवून घेतली. तिच्यात पत्नीच्या साध्या रक्त तपासणीचा कागद होता : हिमोग्लोबिन १०.६, तांबड्या पेशींची संख्या ५६ लाख आणि पेशींचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ६४. पेशी लहान असून संख्येने भरपूर आहेत, हे चित्र लोहाच्या कमतरतेत सहसा दिसत नाही. एमसीव्हीला दशलक्षांतील पेशीसंख्येने भागले असता भागाकार १३ च्या खाली आला, तर थॅलेसेमियाच्या वाहकतेची, म्हणजे स्वतः आजारी नसताना जनुकाची एक प्रत दोषयुक्त असण्याची, शंका घ्यावी, हा ठोकताळा वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही पाठ असतो. येथे तो ११.४ येत होता. कागदावर कोणीतरी ‘ॲनिमिया’ असे लिहून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. एचपीएलसी झाली असती, तर वाहकांत वाढणाऱ्या हिमोग्लोबिन ए-टू या प्रकाराचे प्रमाण वाढलेले दिसले असते, पतीचीही तपासणी झाली असती, इक्सी केली गेली असती आणि पाचही भ्रूणे गोठवण्यापूर्वीच तपासता आली असती. तसे झाले नाही, यामागे एक सार्वत्रिक समजही आहे. थॅलेसेमिया म्हणजे सिंधी, लोहाणा अशा काही समाजांचा आजार, अशी आपल्याकडे अनेक डॉक्टरांचीही धारणा असते. कोल्हापूरजवळच्या सिंधी वस्तीच्या गांधीनगर पेठेतील कुटुंब आले असते तर कदाचित चौकशी झाली असती, मराठा घरात ती कोणाच्या मनात आली नाही.

चौकशी करण्यासारखे मात्र पुष्कळ होते. पत्नी ही पतीच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे तिची सासू हीच तिची आत्या. आपल्या भागात हे लग्न इतके रूढ आहे की ‘नात्यातले लग्न आहे का?’ या प्रश्नाला लोक सहज ‘नाही’ म्हणतात, कारण नात्यातले म्हणजे काहीतरी वेगळे, मामाची मुलगी ही हक्काचीच! म्हणून मी प्रश्न असा विचारते : ‘लग्नाआधी सासूबाईंना काय म्हणत होता?’ उत्तर आले, ‘आत्या. अजून पण आत्याच म्हणते.’ आत्या आणि पत्नीचे वडील, दोघांचीही एचपीएलसी केली आणि दोघेही वाहक निघाले. त्यांची आई, म्हणजे या दांपत्याची आजी, आयुष्यभर ‘रक्त कमी आहे’ म्हणून बीट, गूळ आणि टॉनिकवर राहिली होती, हे त्या वेळी आत्यांनीच सांगितले. आजी आता हयात नाहीत, त्यामुळे तपासणी शक्य नाही, पण एकच बदल बहीण-भाऊ अशा दोन वाटांनी खाली उतरून या नातवंडांच्या संसारात पुन्हा एकत्र आला, हे चित्र पुरेसे स्पष्ट होते.

पती-पत्नी दोघेही वाहक असले म्हणजे प्रत्येक भ्रूणाला आजार असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि बदल अजिबात नसण्याची चारात एक असते. येथे भ्रूणेही नेमकी चार उरलेली, त्यामुळे घरच्यांनी हा हिशेब आपल्या परीने मांडला होता : एक आजारी मूल होऊन गेले, आता उरलेली चांगली असणार. ही चुकीची समजूत दूर करायला बराच वेळ गेला. प्रत्येक भ्रूणाचे नाणे वेगळे उडते. आधीचे कसे पडले हे पुढच्याला माहीत नसते.

पर्याय तीन होते. भ्रूण न तपासता सोडायचे आणि गर्भ राहिल्यास ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या पेशींची तपासणी करून, आजार निघाल्यास गर्भपाताचा निर्णय घ्यायचा. गोठवलेली भ्रूणे वितळवून, त्यांच्या काही पेशी काढून, पुन्हा गोठवायची आणि निकालानंतर निवड करायची. किंवा जुनी भ्रूणे बाजूला ठेवून इक्सीसह नवे चक्र सुरू करायचे. पहिल्या पर्यायाला पत्नीने लगेच नकार दिला. ‘एवढं करून पोटात राहिल्यावर काढायचं, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही,’ असे त्या म्हणाल्या. नव्या चक्राचा खर्च आणि पुन्हा इंजेक्शने घेण्याचा त्रास दोघांनाही नको होता. दुसऱ्या पर्यायात भ्रूणाला दोनदा गोठवणे आणि दोनदा वितळवणे सोसावे लागते, त्यात काही भ्रूणे गमावण्याची आणि रुजण्याची क्षमता काहीशी घटण्याची शक्यता असते, हे लेखी सांगून तो निवडला गेला.

या टप्प्यावर अनेक कुटुंबांना वाटते की आता भ्रूणाच्या पेशी यंत्रात घातल्या की उत्तर येईल. प्रत्यक्षात भ्रूणाला हात लावण्यापूर्वी काही आठवडे घरच्यांच्या रक्तावर काम करावे लागते. भ्रूणातून मिळतात पाच ते आठ पेशी. त्यांतील डीएनए इतका अल्प असतो की आधी त्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात, आणि प्रती काढताना जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीची नक्कल होतच नाही, असा प्रकार अधूनमधून घडतो. नेमकी दोषयुक्त प्रत गळाली, तर वाहक भ्रूण निर्दोष दिसेल. निर्दोष प्रत गळाली, तर वाहक भ्रूण आजारी दिसेल. म्हणून फक्त आयव्हीएस १-५ हा बदल पाहून भागत नाही. जनुकाच्या दोन्ही अंगांना, अगदी जवळ असलेल्या आणि माणसागणिक वेगळ्या असणाऱ्या खुणा शोधून, बदल असलेला गुणसूत्राचा तुकडा घरात कोणाकडून कोणाकडे गेला ते आधी ठरवावे लागते. मग भ्रूणात तो तुकडा आला आहे की नाही, हे एकाऐवजी अनेक खुणांवरून पडताळता येते.

यासाठी पती, पत्नी, मुलगी, आत्या आणि पत्नीचे वडील अशा पाच जणांचे नमुने घेतले. मुलीच्या नमुन्याची वेगळी काळजी घ्यावी लागली. ज्या मुलाला दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त मिळते, त्याच्या रक्तात दात्याच्या पांढऱ्या पेशी काही प्रमाणात असू शकतात आणि त्या खुणांच्या वाचनात घोळ करू शकतात. म्हणून पुढचे रक्त चढवण्याच्या दिवशी, पिशवी लावण्यापूर्वी नमुना घेतला आणि जोडीला गालाच्या आतून पुसलेला बोळा पाठवला.

नात्यातील लग्नामुळे येथे एक खास अडचण होती. दोषयुक्त तुकडा पती आणि पत्नी दोघांकडेही एकाच पूर्वजाकडून आलेला, म्हणून खुणांसकट सारखाच. त्याला आपण ‘द’ म्हणू, पतीच्या निर्दोष तुकड्याला ‘प’ आणि पत्नीच्या निर्दोष तुकड्याला ‘म’. भ्रूणात ‘प’ आणि ‘म’ दोन्ही दिसले, तर ते निर्दोष. ‘प’ आणि ‘द’ किंवा ‘म’ आणि ‘द’ दिसले, तर वाहक. फक्त ‘द’ दिसला, तर आजारी, पण येथेच सावध राहायचे, कारण दुसरा तुकडा गळाल्यामुळेही तसे दिसू शकते, आणि वडिलांचा ‘द’ आईच्या ‘द’पासून वेगळा ओळखण्याची सोय नसते. उपयोगी पडतील अशा खुणा परक्या दांपत्यापेक्षा या घरात कमी सापडल्या, तरी जनुकाच्या दोन्ही बाजूंना मिळून त्या पुरेशा होत्या. प्रयोगशाळेने तयारी पूर्ण झाल्याचे कळवले, तेव्हाच वितळवण्याची तारीख ठरली.

दरम्यान घरातून एक फोन आला, त्याबद्दलही लिहायला हवे. पतीच्या एका नातलगाने आडून विचारले की एवढी तपासणी होतेच आहे, तर मुलगा की मुलगी तेही समजेल ना. मी स्पष्ट नकार दिला. सहायक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियम, २०२१ नुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी केवळ माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच करता येते आणि लिंगनिवड हा गुन्हा आहे. गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र कायदा तर आधीपासून आहेच. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या आणि त्यानंतर सोनोग्राफी यंत्रांवर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसवण्याचा प्रयोग याच जिल्ह्याने केला. त्यामुळे असा प्रश्न येथे निरागस मानता येत नाही. यातील विरोधाभास असा की १९९० मध्ये ॲलन हँडिसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये भ्रूण तपासणीच्या या तंत्राचा पहिला यशस्वी वापर केला तो भ्रूणाचे लिंग ओळखूनच, कारण त्या कुटुंबांतील आजार एक्स गुणसूत्रावरून मुलग्यांपर्यंत पोचणारे होते. आमच्या अहवालात लिंग गुणसूत्रांचा उल्लेख नसेल, हे प्रयोगशाळेकडून आधीच लेखी घेतले होते.

वितळवण्याच्या दिवशी सासरे केंद्रात आले होते. नायट्रोजनचे भांडे पाहून ते म्हणाले, ‘म्हशीच्या डॉक्टरकडं असतंय, तसलंच की हे.’ त्यांचे निरीक्षण बरोबर होते. उणे १९६ अंशांचा तोच नायट्रोजन गोठ्यात कृत्रिम रेतनासाठी येतो. एरवी अर्धा तास समजावून जे सांगावे लागते, ते त्यांना एका नजरेत कळले होते.

चारपैकी एक भ्रूण वितळवल्यावर फुलले नाही. त्याच्या बहुतेक पेशी मृत होत्या. उरलेल्या तिघांच्या बाहेरच्या आवरणातून, जेथून पुढे वार तयार होते तेथून, लेझरच्या साहाय्याने पाच ते आठ पेशी काढल्या. ज्या पेशीसमूहापासून बाळ घडते, त्याला हात लावला जात नाही. प्रत्येक भ्रूण स्वतंत्र स्ट्रॉमध्ये पुन्हा गोठवले, कारण निकाल आल्यावर त्याचे भ्रूण नेमके कोणते याबद्दल शंका राहून चालत नाही. पेशींच्या तीन नळ्या आणि सोबत, भेसळ ओळखता यावी म्हणून, पेशी नसलेली एक कोरी नळी कोरड्या बर्फात ठेवून रातोरात मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत रवाना झाल्या. भ्रूणे मात्र कोल्हापुरातच राहिली; पुष्कळ जणांना वाटते तसा भ्रूणांना प्रवास घडत नाही.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. क्रमांक एकमध्ये ‘प’ आणि ‘द’ : वाहक. क्रमांक दोनमध्ये सर्व खुणांवर फक्त ‘द’, आणि बदलाच्या थेट तपासणीतही निर्दोष प्रत नाही. जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या खुणा एकाच वेळी गळाल्या असणे संभवत नाही, म्हणून आजारी. क्रमांक तीनमध्ये ‘प’, ‘म’ आणि ‘द’ असे तिन्ही तुकडे दिसत होते, आणि एका भ्रूणात हे तिन्ही असू शकत नाहीत. अहवालात क्रमांक तीनपुढे ‘निष्कर्ष नाही’ असे लिहिले होते.

या एका ओळीवर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. तिन्ही तुकडे दिसण्याची कारणे मोजकीच. अकरावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असणे, सगळीच गुणसूत्रे तिप्पट असणे, किंवा भ्रूणाच्या पेशींबरोबर आईची एखादी पेशी नळीत जाणे. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये बीजांडाभोवतीच्या आईच्या पेशी पूर्णपणे साफ केल्या जात नाहीत आणि त्या कवचाला चिकटून राहू शकतात. इक्सीत त्या आधीच काढाव्या लागतात, म्हणून अशा तपासणीसाठी इक्सीचा आग्रह असतो. पेशींच्या डीएनएच्या काढलेल्या प्रती प्रयोगशाळेने राखून ठेवल्या होत्या. त्याच प्रतींवर इतर गुणसूत्रांच्या खुणा पाहाव्यात, अशी विनंती आम्ही केली. भ्रूण पुन्हा वितळवण्याची त्यासाठी गरज नव्हती. अकराव्या गुणसूत्राबरोबर इतर सर्व गुणसूत्रांवरही आईच्या दोन्ही प्रती दिसल्या, आणि त्यांचा जोर असमान होता. एकट्या अकराव्या गुणसूत्राचा दोष त्यामुळे बाद झाला. सगळीच गुणसूत्रे तिप्पट असण्याची शक्यता उरली होती, तिच्याविरुद्ध जुनी फाईल उपयोगी पडली : चार वर्षांपूर्वीच्या भ्रूणतज्ज्ञाने फलनानंतरच्या सकाळी प्रत्येक भ्रूणात दोन केंद्रके (एक आईकडचे, एक वडिलांकडचे; गुणसूत्रे तिप्पट असती तर सहसा तीन दिसली असती) दिसल्याची नोंद सुवाच्य अक्षरात करून ठेवली होती. म्हणजे आईच्या पेशींची भेसळ हेच सर्वांत पटणारे कारण. भेसळ झालेल्या त्या नळीच्या भरवशावर मात्र या भ्रूणाबद्दल खात्रीने निर्णय देता येत नव्हता. पुन्हा पेशी काढल्या तर कळेल, पण त्यासाठी दुसऱ्यांदा वितळवून पुन्हा गोठवावे लागेल आणि सोडताना तिसऱ्यांदा वितळवावे लागेल.

एमसीव्ही ज्या फाईलमध्ये दुर्लक्षित राहिला, त्याच फाईलमधील केंद्रकांची नोंद आम्हाला तारून गेली. अशा तपासणीची विश्वासार्हता यंत्रावर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती आधीच्या माणसांनी काय पाहिले आणि काय लिहून ठेवले, यावर अवलंबून असते, असे माझे मत या प्रकरणाने पक्के झाले.

राहिले क्रमांक एक. वाहक भ्रूण सोडायला सासरे तयार नव्हते. ‘परत तेच रक्त कशाला?’ असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना आत्यांकडे बोट दाखवून सांगितले की वाहक म्हणजे हे असे, सत्तरी गाठलेले आणि अजूनही पहाटे उठून घर झाडणारे माणूस. मोठे झाल्यावर त्या मुलाच्या जोडीदाराची तपासणी लग्नाआधी व्हायला हवी, एवढाच वाहकतेचा व्यवहारातला अर्थ. त्यावर आत्याच बोलल्या : ‘मग मलाबी टाकूनच द्यायला पाहिजे होतं म्हणायचं.’ विषय तेथे संपला.

रक्तविकार तज्ज्ञांनी आणखी एक प्रश्न काढला. हे भावंड मुलीशी ऊतींच्या जुळणीत, म्हणजे एचएलएमध्ये, तंतोतंत जुळत असेल, तर पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करता येईल. राखून ठेवलेल्या प्रतींवर तेही पाहता आले असते का? एखादे भ्रूण आजारमुक्तही असावे आणि जुळणारेही असावे, याची शक्यता साधारणपणे सोळात तीन असते. मोठ्या संख्येने भ्रूणे असतील, तर त्या शक्यतेला अर्थ असतो. येथे सोडण्याजोगे भ्रूण एकच होते, उत्तर काहीही आले तरी निर्णय तोच राहणार होता, आणि कायद्याची भाषाही भ्रूणाच्या आजारापुरती आहे. दांपत्याने ती तपासणी नको म्हटले, आणि मला ते योग्य वाटले. त्याऐवजी नात्यातील लग्नांमुळे घरात जुळणी सापडण्याची शक्यता जरा अधिक असते, म्हणून काका-मामांच्या कुटुंबांतील मुलांची एचएलए तपासणी सुचवली आहे; ती सुरू आहे.

क्रमांक एक सोडले आणि ते रुजले. भ्रूणाच्या तपासणीत चुकीला थोडा वाव उरतोच, म्हणून गर्भजलाची तपासणी करून खात्री करावी, असा सल्ला दिला. गर्भपात करणार नाही असे आधी सांगितलेल्या पत्नीने पहिल्यांदा ती नाकारली आणि पंधराव्या आठवड्यात स्वतःहून फोन करून मागितली. काय आहे ते आधी कळले तर तयारी तरी करता येईल, असे त्या म्हणाल्या. सोळाव्या आठवड्यातील नमुन्यात भ्रूणाचाच निकाल पुन्हा आला : वाहक. बाळंतपण कोल्हापुरातच, सुखरूप झाले. नाळेच्या रक्ताचा नमुना एचएलएसाठी गेला आहे, आणि हिमोग्लोबिन ए-टू बाळ वर्षाचे झाल्यावर मोजायचे आहे, कारण त्याआधी तो आकडा भरवशाचा नसतो.

क्रमांक दोनबाबत, ते नष्ट होऊ द्यायचे की नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे, याचा संमतिपत्राचा कागद फाईलमध्ये आहे. त्यावर पतीची सही झाली आहे, पत्नीची झालेली नाही. क्रमांक तीन नायट्रोजनमध्येच आहे. कायद्याने भ्रूण साठवण्याची कमाल मुदत दहा वर्षे असल्यामुळे त्यांच्याकडे अजून पाच वर्षांहून थोडा कमी वेळ आहे, आणि साठवणुकीचे शुल्क त्यांनी या वर्षीही भरले आहे.